सौलभ्य आणि अधिकार

ग्रंथाच्या आरंभींच त्याचा अधिकारी कोण, विषय काय, प्रयोजन कोणतें आणि ह्या सर्वांचा परस्परसंबंध कसा, हें सांगून टाकण्याची आपल्याकडील शास्त्रकारांची जुनी रीत आहे. वेदान्तांत ह्यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. ह्या चौघांत अधिकाऱ्याचें नांव वगळून चालत नाहीं, तें उगीच नव्हे. ग्रंथ कोणासाठीं आहे हें ठरल्याशिवाय त्यांत काय सांगावें आणि काय गृहीत धरावें, हें ठरतच नाहीं. संगणकशास्त्रानें मात्र गेल्या कांहीं दशकांत ही रीत उलटी फिरविली आहे. आपल्या नव्या साधनाची ओळख करून देतांना त्याचे कर्ते प्रथम हेंच सांगतात कीं, ह्याला कसलाच अधिकार लागत नाहीं. भाषा शिकावयास नको, एक अक्षर लिहावयास नको. पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवा, किंवा एका चौकटीपासून दुसरीपर्यंत तार ओढा, कीं तुमचा प्रोग्रॅम तयार! अशा साधनांना आम्ही ह्या लेखांत चित्रमय साधनें म्हणूं.

हीं साधनें सामान्य माणसासाठीं आणखी सोपीं करावींत काय, असें विचारलें तर 'नको' म्हणणारा मनुष्य सांपडणें कठीण. सोपेपणाच्या विरुद्ध बोलणें हा जवळजवळ दुष्टपणाच वाटतो. परंतु ज्या प्रश्नाला सर्वांकडून एकच उत्तर येतें, तो प्रश्न बहुधा नीट विचारलेला नसतो, असा आमचा वर्गांतला अनुभव आहे. सोपें करावयाचें तें नेमकें काय? कोणासाठीं? आणि साधनाच्या सोपेपणामुळें एखादी चूक न दिसतां राहून गेली, तर तिचें फळ कोणाच्या पदरांत पडावयाचें? ह्यांपैकीं तिसरा प्रश्न उघडपणें नीतीचा आहे. आणि पहिल्या दोहोंचें उत्तरहि त्याच्यावरच अवलंबून आहे, असें आम्हांस वाटतें.

आधीं एक पक्ष बाजूला सारूं. ज्यांना संगणकाकडून काम करून घ्यावयाचें असेल त्यांनीं रीतसर त्याची भाषा शिकावी, आम्ही शिकलों तसें त्यांनींहि शिकावें, असें म्हणणारे तज्ज्ञ आजहि भेटतात. हा आवाज महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. संस्कृतांत ग्रंथरचना करूं पाहणाऱ्या आपल्या विद्वान् सहकाऱ्याला महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनीं थांबविलें, कां तर तसें केल्यानें पंथांतल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानास मुकतील, ही कथा मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तींत लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, नागदेवाचार्यांनीं ब्रह्मविद्या सोपी करावयास सांगितलें नाहीं, तिच्याकडे जाणारी वाट सोपी करावयास सांगितलें. म्हातारीला तत्त्वज्ञान झेपणार नाहीं, तेव्हां तिच्यासाठीं दोन गोड गोष्टी वेगळ्या काढून ठेवा, असें कांहीं त्यांचें म्हणणें नव्हतें. घराचें दार ठेंगणें करणें निराळें आणि आंतलें घरच लहान करणें निराळें.

अमेरिकेंत १९५० नंतरच्या दशकांत ग्रेस हॉपर ह्या विदुषीनें हाच झगडा केला. हिशेब ठेवणाऱ्या माणसांना चिन्हांची भाषा नकोशी वाटते, तेव्हां त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देतां याव्यात, असा तिचा आग्रह होता. संगणकाला इंग्रजी कळत नसतें, हें तिला मिळालेलें उत्तर. तिनें फ्लो-मॅटिक नांवाची भाषा करून दाखविली, आणि १९५९ सालीं जिच्या घडणीस आरंभ झाला त्या कोबॉल भाषेवर फ्लो-मॅटिकची दाट छाया आहे. ह्या भांडणांत आम्ही निःसंशय हॉपरबाईंच्या बाजूचे आहों. एक अर्धविराम टंकावयाचा राहिला म्हणून माणसाला दारावरून परत पाठविण्यांत विद्येचें रक्षण तें कोणतें? आमच्याकडील विद्यार्थ्याला तर अर्धविरामाच्या अलीकडे इंग्रजीचाहि उंबरठा ओलांडावा लागतो.

पण वाट सोपी करण्याचा उपाय म्हणजे चित्र, ही समजूत कोठून आली? चित्रानें तर्क सुलभ करण्याचा उद्योग संगणकाहून पुष्कळ जुना आहे, आणि तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचीं वर्षें गेलीं असल्यामुळें त्याची हकीकत सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. प्रसिद्ध गणिती लिओनार्ड ऑयलर ह्यानें एका जर्मन राजकन्येला शास्त्रविषयक पत्रें लिहिलीं. त्यांपैकीं १७६१ सालच्या कांहीं पत्रांत त्यानें अनुमानाचे प्रकार वर्तुळें काढून समजाविले आहेत. मनुष्यांचें वर्तुळ मर्त्यांच्या वर्तुळाच्या आंत काढा, सॉक्रेटिसाचा ठिपका मनुष्यांच्या वर्तुळांत ठेवा. तो मर्त्यांच्या वर्तुळांत पडला हें सांगावयास मग पंडित नको. ही युक्ति अतज्ज्ञासाठींच निघाली, आणि तासभर बोलून जें वर्गांत उतरत नाहीं तें तिनें एका मिनिटांत उतरतें, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. परंतु त्याच वर्गांत पुढच्या आठवड्यांत काय होतें तेंहि पाहिलें आहे. 'कांहीं कवि शिक्षक आहेत' हें वाक्य दोन छेदणाऱ्या वर्तुळांनीं काढलें, कीं कांहीं कवि शिक्षक नाहींत, हेंहि चित्र आपल्या पदरचें सांगून मोकळें होतें. वाक्यानें तें म्हटलेलेंच नसतें. १८८० सालीं जॉन व्हेन ह्यानें निराळी पद्धत काढून हा दोष दूर केला. पण तिच्यांत तीन पदांपर्यंत वर्तुळें पुरतात, चौथें पद आलें कीं लंबवर्तुळें काढावीं लागतात, आणि पांचव्यापासून पुढें चित्र समजाविण्यासाठींच गुरूची गरज लागते. तिकडे १८७९ सालीं फ्रेगे ह्यानें तर्काची एक संपूर्ण लेखनपद्धतीच कागदावर उभी-आडवी पसरणाऱ्या रेषांनीं मांडली. विचार इतका खोल कीं आधुनिक तर्कशास्त्राचा जन्म तेथून मानतात; आणि लेखनपद्धति इतकी दुर्बोध कीं तिला वारस मिळाला नाहीं. पेआनो आणि रसेल ह्यांची, एका ओळींत लिहितां येणारी चिन्हेंच पुढें रूढ झालीं.

ही हकीकत संगणकाच्या इतिहासांत जशीच्या तशी पुन्हां घडली आहे. १९६३ सालीं आयव्हन सदरलंड ह्यानें आपल्या प्रबंधासाठीं स्केचपॅड नांवाचें साधन केलें. प्रकाशलेखणीनें पडद्यावर आकृति काढावी आणि यंत्रानें ती समजून घ्यावी, हा चमत्कार लोकांनीं तेथें पाहिला. १९८६ सालीं लॅबव्ह्यू आलें. प्रयोगशाळेंतल्या माणसाला उपकरणें तारांनीं जोडण्याची संवय असते. म्हणून त्याचा प्रोग्रॅमहि तारांनींच जोडावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्येक चौकट म्हणजे एक क्रिया. तिच्याकडे येणाऱ्या सर्व तारांतून मूल्यें येऊन पोंचलीं कीं ती आपलें काम करते आणि फळ पुढच्या तारेंत सोडते. कल्पना मोठी सुंदर आहे, आणि कित्येक प्रयोगशाळांचें कामकाज आजहि तिच्यावर चालतें. पण चौकटी दहाच्या शंभर झाल्या कीं तारांचें जें रान माजतें तें पाहून वाटीभर शेवया बऱ्या, असें म्हणण्याची पाळी येते. थॉमस ग्रीन आणि मेरियन पेट्रे ह्यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत ह्या प्रकाराची कसून परीक्षा केली. तींत असें दिसून आलें कीं, लॅबव्ह्यूच्या चित्रांतून प्रोग्रॅमचा अर्थ लावावयास तोच प्रोग्रॅम शब्दांत वाचण्यापेक्षां अधिक वेळ लागतो, आणि हें सराईत माणसांच्या बाबतींतहि खरें आहे. दुरुस्तीची गोष्ट तर विचारूंच नये. लिखित मजकुरांत एक ओळ मध्यें घालावी तर खालच्या ओळी आपोआप सरकतात. चित्रांत एक चौकट मध्यें घालावयाची तर शेजारच्या दहा चौकटी हलवाव्या लागतात.

पेट्रेबाईंचा एक मुद्दा आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. चित्र वाचणें हें देखील कमावलेलें कसब आहे. जाणता मनुष्य संबंधित गोष्टी जवळ ठेवतो, महत्त्वाची गोष्ट मोकळ्या जागीं मांडतो, आणि दुसऱ्यानें काढलेल्या चित्रांत हेच संकेत शोधतो. नवख्याला त्या चित्रांत सर्वच कांहीं सारखें दिसतें. आपल्या जन्मपत्रिकेची कुंडली हें एक चित्रच आहे. बारा घरें आणि त्यांतले आंकडे सर्वांनाच दिसतात, पण म्हणून कोणी ती स्वतः वाचीत नाहीं, जोशीबुवांकडेच नेतो. (जोशीबुवांना तरी तींत काय दिसतें, हा वाद येथें नको.)

मग चित्रमय साधनांनीं खरोखर सोपें केलें तें काय? ह्याचें उत्तर स्क्रॅच ह्या साधनांत चांगलें पहावयास मिळतें. एम्. आय्. टी. ह्या अमेरिकन संस्थेच्या मीडिया लॅबमध्यें मिचेल रेस्निक आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तें मुलांसाठीं तयार करून २००७ सालीं प्रसिद्ध केलें. त्याची वंशपरंपरा १९६७ सालच्या लोगो ह्या भाषेपर्यंत, म्हणजे सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सोबत्यांपर्यंत जाते. स्क्रॅचमध्यें प्रत्येक आज्ञा हा एक ठोकळा असतो, आणि ठोकळ्याचा आकारच त्याचें व्याकरण सांगतो. 'खरें कीं खोटें' असें उत्तर देणारा ठोकळा टोकदार असतो, आणि टोकदार खांचेंत टोकदार ठोकळाच बसतो. वाक्यरचनेची चूक करणें येथें अशक्य आहे. चुकीचा ठोकळा मुळीं अडकतच नाहीं. म्हणजे येथें विचार सोपा केलेला नाहीं. 'हें असेंतोंवर तें करीत रहा' ही कल्पना ठोकळ्यांत जितकी कठीण तितकीच अक्षरांत. सोपी केली ती उंबरठ्यावरची ठेंच. डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की ह्यांनीं अमेरिकेंतल्या शाळेंत केलेल्या तुलनेंतहि ठोकळ्यांवर सुरुवात करणारीं मुलें आरंभीं अधिक शिकलेलीं दिसलीं. पुढें दोन्ही गट लिखित भाषेकडे वळल्यावर कांहीं आठवड्यांनीं त्यांच्यांत फरक उरला नाहीं. ह्यावरून कोणी ठोकळे निरुपयोगी ठरविले तर तें चूक होईल. दार ठेंगणें केल्यानें जास्त माणसें आंत आलीं. आंत आल्यावर घर सर्वांना सारखेंच.

ह्याच स्क्रॅचमध्यें आणखी एक योजना आहे, आणि आमच्या विवेचनाचा सर्व भार तिच्यावर आहे. स्क्रॅच चुकीचा निरोप देत नाहीं. त्याच्या कर्त्यांनीं २०१० सालच्या आपल्या निबंधांत ही गोष्ट हेतुपूर्वक केल्याचें सांगितलें आहे. यादींत दहाच नांवें असतांना पंधरावें नांव मागितलें, तर दुसरी एखादी भाषा तेथेंच थांबून तक्रार करील. स्क्रॅच रिकामी जागा हातावर ठेवतो आणि पुढें चालूं लागतो. मुलाचा विरस होऊं नये, कांहीं ना कांहीं होत रहावें, हा त्यांतला भाव. ह्याला आम्ही साधनाची दया म्हणूं.

ही दया मुलाच्या बाबतींत योग्य आहे ह्यांत शंका नाहीं. पण ती कां योग्य आहे तें नीट पाहिलें पाहिजे. तिला दोन आधार आहेत. पहिला असा कीं, चूक यंत्रानें सांगितली नाहीं तरी मुलाला ती डोळ्यांपुढें दिसत असते. मांजर उजवीकडे जावयाचें तें डावीकडे गेलें, कीं मूल म्हणतें, 'अरे!' आणि ठोकळे उलगडून पाहतें. चूक ही लाजेची नसून शोधाची गोष्ट आहे, ही पॅपर्ट ह्यांची शिकवण तेथें आपोआप घडते. दुसरा आधार असा कीं, मांजर भलतीकडे गेल्यानें ज्याचें कांहीं बिघडतें तो हें मूलच असतो, दुसरा कोणी नव्हे. चूक करणारा, चूक पाहणारा आणि चुकीचें फळ भोगणारा हे तिघेहि एकच असल्यावर साधनानें हवें तितकें मऊ व्हावें.

आतां हीच दया घेऊन मोठ्यांच्या जगांत जाऊं. जगांतलें सर्वांत जास्त वापरलें जाणारें चित्रमय साधन ठोकळ्यांचें नाहीं कीं तारांचें नाहीं. तें स्प्रेडशीट, म्हणजे आपला चौकटींचा हिशेबी तक्ता आहे. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन ह्यांच्या व्हिझिकॅल्कनें तो घरोघरच्या संगणकांत आणला, आणि एक्सेलनें १९८५ पासून पुढें त्याला सर्वत्र रूढ केलें. चौकटींत सूत्र लिहिणारा कारकून किंवा शिक्षक आपण प्रोग्रॅम लिहीत आहों असें म्हणत नाहीं, पण करतो तें तेंच. आणि येथें एक विलक्षण उलटापालट झालेली आहे. स्क्रॅचमध्यें प्रोग्रॅम दिसतो. तक्त्यांत प्रोग्रॅमनें काढलेले आंकडे दिसतात आणि प्रोग्रॅम त्या आंकड्यांच्या पाठीमागें लपलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतें, सर्व कांहीं समोर आहे. वस्तुतः समोर आहे ती फळांची परडी. झाड पडद्याआड आहे.

ह्या तक्त्याची दया काय करूं शकते, तें इंग्लंडांत २०२० सालीं दिसलें. करोनाच्या तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सरकारी आरोग्यखात्याकडे येत, आणि तेथें ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यांत भरले जात. त्या जुन्या तक्त्यांत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाहीं. एकेका रोग्यामागें अनेक ओळी लागत असल्यामुळें एका तक्त्यांत सुमारें १,४०० रोग्यांचीच माहिती मावे. रोगी वाढले, तक्ता भरला, आणि वरच्या ओळी गळून गेल्या. पण काम चालूंच राहिलें. २५ सप्टेंबर ते २ आक्टोबर ह्या आठ दिवसांत १५,८४१ बाधित माणसें अशा रीतीनें दैनंदिन मोजणींतून सुटलीं. त्या माणसांना स्वतःचे निकाल मिळालेले होते. ज्यांच्या संपर्कांत तीं आलीं होतीं, त्यांचा शोध मात्र वेळेवर सुरू झाला नाहीं. म्हणजे चुकीचें फळ ज्यांच्या वांट्यास आलें, त्यांनीं तो तक्ता कधीं पाहिलाहि नव्हता. वर सांगितलेल्या दोन आधारांपैकीं येथें एकहि शिल्लक नाहीं: चूक कोणाला दिसली नाहीं, आणि ती करणारा एक, भोगणारा दुसरा.

ह्याहून सौम्य पण तितकेंच बोलकें उदाहरण जीवशास्त्रांतलें आहे. मनुष्याच्या जनुकांना 'सेप्ट१', 'मार्च१' अशीं संक्षिप्त नांवें होतीं. तक्ता तीं नांवें पाही, बिचाऱ्या माणसाला तारीख लिहावयाची असेल असें परस्पर ठरवी, आणि त्यांची तारीख करून टाकी. प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय लेखांबरोबरच्या याद्यांतूनहि हे अपभ्रंश सांपडले. शेवटीं २०२० सालीं जनुकांचें नामकरण करणाऱ्या समितीनें जनुकांचींच नांवें बदललीं! साधनानें माणसाची सोय पहावी म्हणून माणसाच्या शास्त्रानें आपली परिभाषा मोडली, ह्यांत सोय कोणी कोणाची केली हें ज्यानें त्यानें ठरवावें.

आमच्या एका सहकाऱ्यांनीं वर्गाच्या अंतर्गत गुणांसाठीं असाच एक तक्ता मोठ्या हौसेनें केला होता. सूत्र साठाव्या ओळीपर्यंत लिहिलेलें. मागाहून प्रवेश घेतलेलीं तीन मुलें एकसष्टपासून त्रेसष्टपर्यंत. वर्गाची सरासरी काढतांना तीं तिघें वर्गांत नव्हतींच. ही गोष्ट सहकाऱ्यांच्या लक्षांत आली नाहीं, आमच्या आली नाहीं. त्या तिघांपैकीं एका मुलीनें कागदावर बेरीज करून ती उघडकीस आणली.

असलें काम मग तज्ज्ञांकडेच सोंपवावें, असें येथें कोणी म्हणेल. हा उपाय आम्हांस पटत नाहीं, कारण 'अतज्ज्ञ' हा शब्द सापेक्ष आहे. अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ ह्यांनीं २०१० सालीं राष्ट्रीय कर्ज व आर्थिक वाढ ह्यांच्या संबंधाविषयीं एक गाजलेला निबंध लिहिला, आणि काटकसरीच्या धोरणाचे पुरस्कर्ते त्याचा हवाला देऊं लागले. २०१३ सालीं टॉमस हर्नडन ह्या विद्यार्थ्यानें आपल्या अध्यापकांसह दाखवून दिलें कीं, त्यांच्या तक्त्यांतल्या एका सूत्रांतून पांच देश वगळले गेले होते. कर्त्यांनीं तक्त्यांतली चूक मान्य केली. मुख्य निष्कर्ष मात्र सोडला नाहीं. हे दोघे आपल्या विषयांत अतज्ज्ञ होते असें कोण म्हणेल? आणि उलट, उत्तम प्रोग्रॅमर त्यांच्या जागीं असता तर कोणता देश कोठें असावयास हवा, हें त्याला कोठून कळलें असतें? परिचारिकेला रोग्याचा ताप किती असूं शकतो हें ठाऊक असतें, सोसायटीच्या चिटणिसाला यंदा पाणीपट्टी किती आली हें ठाऊक असतें. विषय जाणणाऱ्याच्या हातून साधन काढून घेणें म्हणजे चूक ओळखूं शकणाऱ्या डोळ्यांनाच खोलीबाहेर घालविणें.

तज्ज्ञ चुकत नाहीं अशांतलाहि भाग नाहीं. तो वारंवार चुकतो. पण आपण चुकणार हें गृहीत धरून त्यानें आपल्याभोंवतीं कांहीं आचार उभे केलेले असतात. केलेलें काम तो नमुने घालून पारखतो, दुसऱ्याकडून वाचून घेतो, प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो. सामान्य माणसासाठीं साधन सोपें करतांना काम करण्याची शक्ति तेवढी सोपी करून दिली गेली, सावधपणाचे हे आचार दिले गेले नाहींत. तलवार दिली, ढाल कोठारांतच राहिली.

ह्या ठिकाणीं जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आपल्या स्मृतिकारांनीं नकळत घडलेलें पातक आणि जाणूनबुजून केलेलें पातक ह्यांना निरनिराळीं प्रायश्चित्तें सांगितलीं आहेत. तक्ता करणाऱ्याचा दोष बहुधा पहिल्या प्रकारचा असतो, आणि म्हणून हलका असतो. पण येथें एक तिसरा मनुष्य आहे: दुसऱ्याला कळूं नये अशी व्यवस्था करणारा. ही व्यवस्था त्यानें कपटानें केली असती तर न्याय सोपा होता. तो ती दयेनें करतो, हीच अडचण आहे. वापरणाऱ्याला भीति वाटूं नये, त्याचा वेळ जाऊं नये, त्याला लाल अक्षरें दिसूं नयेत, ह्या सदिच्छेनेंच तो चुकीवर पांघरूण घालतो. आमच्या मतें अशा अज्ञानाची जबाबदारी अज्ञान असणाऱ्याकडून ती व्यवस्था करणाऱ्याकडे सरकते, आणि त्याच्या हेतूच्या चांगुलपणानें ती कमी होत नाहीं. ज्याच्या अंगावर चुकीचें फळ पडतें, त्याला त्या हेतूशीं काय करावयाचें आहे?

मग साधन कठोर करावें काय? तसें नव्हे. सावधपणाच सोपा करतां येतो, आणि तो कसा करावा ह्याचे प्रयोग झालेले आहेत. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत मार्गारेट बर्नेट, ग्रेग रॉदरमेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तक्त्यासाठीं एक रीत काढली. ज्या चौकटीचें सूत्र पारखलेलें नाहीं तिची कड लाल असावी; वापरणाऱ्याला उत्तर बरोबर वाटलें कीं त्यानें बरोबरची खूण करावी; खुणा वाढतील तशी कड जांभळी होत होत निळी व्हावी. ह्यांत त्याला परीक्षणशास्त्र शिकावें लागत नाहीं. आपलें कोठलें काम पारखलेलें आहे आणि कोठलें नाहीं, एवढें त्याला नुसत्या नजरेनें कळतें. चित्राचा खरा उपयोग तो हा. लॅबव्ह्यूमध्येंहि अशी सोय आहे कीं, प्रोग्रॅम मुद्दाम हळू चालवून तारांतून सरकणारीं मूल्यें डोळ्यांनीं पाहतां यावींत. तारांच्या रानाविषयीं वर आम्ही कडक बोललों, पण ही सोय पाहिल्यावर त्या रानांतहि वाटाड्या मिळतो, हें कबूल केलें पाहिजे.

दुसरी गोष्ट, आंतलें दार बंद नसावें. ॲपल कंपनीनें १९८७ सालीं हायपरकार्ड नांवाचें साधन आपल्या यंत्रांबरोबर दिलें. बिल ॲटकिन्सन हा त्याचा कर्ता. त्यांत वापरणाऱ्याच्या पांच पायऱ्या होत्या: नुसतें पाहणें, लिहिणें, चित्र काढणें, रचना करणें, आणि शेवटीं आज्ञा लिहिणें. अधिकारभेद येथें पुरा मान्य केलेला होता. पण तो पुढच्या पायरीवर जाण्याची मुभा वापरणाऱ्याला ठेवून. एका खुणेसरशी तो वर चढूं शकत असे. अधिकार कोणी कोणास द्यावयाचा नव्हता, आपला आपण घ्यावयाचा होता. पुढें यंत्रांबरोबर नुसती पाहण्यापुरती प्रत मिळूं लागली, आणि २००४ सालीं विक्रीच थांबली. शिक्षकांनीं, डॉक्टरांनीं, हौशी लोकांनीं त्यांत रचलेलें काम त्या साधनाबरोबरच अडगळींत गेलें. दुसऱ्याच्या दयेवर उभारलेल्या सोयीला हें एक भय नेहमींच असतें.

आतां तर चित्रहि मागें पडत आहे. साध्या बोलींत मागणी सांगितली कीं प्रोग्रॅम लिहून देणारीं यंत्रें २०२२ नंतर सामान्य माणसाच्या हातांत आलीं. त्यांच्याविषयीं स्वतंत्रपणें लिहावें लागेल. उंबरठा तेथें जवळजवळ नाहींसाच झाला आहे, आणि झाड मात्र पूर्वींहून दाट पडद्याआड गेलें आहे, एवढें म्हणून येथें थांबतों.

एक अडचण शिल्लक राहते, आणि ती आमच्या एका प्रोग्रॅमर स्नेह्यानें दाखविली. खेळाच्या जागीं साधन मऊ असावें आणि दुसऱ्याचें बरेंवाईट जेथें होणार तेथें सावध असावें, हें ठीक. पण खेळ कोठें संपतो हें साधनाला कसें कळावें? दुधाच्या हिशेबासाठीं घरीं केलेला तक्ता पुढच्या वर्षीं गृहनिर्माण संस्थेच्या वर्गणीसाठीं वापरला जातो, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं तो संस्थेच्या वार्षिक सभेपुढें असतो. चौकटी त्याच, सूत्रें तींच. ह्यावर आमचें म्हणणें असें कीं, साधनाला सर्व कळणें अवश्य नाहीं. एक क्षण मात्र त्याला नक्की कळतो, तो म्हणजे तक्ता एका हातांतून दुसऱ्या हातांत देण्याचा. तोंपर्यंत त्यानें गप्प रहावें. त्या क्षणीं त्यानें विचारावें, अमुक सूत्रांत अमुक ओळी आलेल्या नाहींत, अमुक चौकटी पारखलेल्या नाहींत, असाच द्यावयाचा काय? स्नेही म्हणाले, असल्या सूचना लोक न वाचतांच बाजूला सारतात. तें खरें आहे, आणि देणारा ती बाजूला सारील तर सारूं द्यावी. पण लाल कडा तक्त्याबरोबर तशाच जाव्यात, म्हणजे घेणाऱ्याला त्या दिसतील.